शिळ्या पावाची ऑर्डर

पाव मऊ होता. हीच अडचण होती.

शनिवारी दुपारी चार वाजता मी हॉटेलच्या स्टोअरमधल्या ट्रेवरचं फडकं उचललं. शुक्रवारीच पावाच्या जाड स्लाइस कापून मी तिथे सुकायला मांडल्या होत्या. चोवीस तासांत त्या कडक व्हायला हव्या होत्या. गोंदियाच्या जून महिन्यात तर पापड दोन तासांत वाळतात. पण मी स्लाइस दाबली आणि बोट आत गेलं.

"सुमनबाई, हा पाव कोणता?"

"ताजा हाय. आत्ताच आणला अन् कापला," त्या भांडी पुसता पुसता म्हणाल्या. "तुमचा पाव तं पार वाळून गेला होता, पटले भाऊ. तो मी गाईले घालून आली."

सुमनबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. जवळच्या नागरा गावाहून रोज सायकलनं कामाला यायच्या. त्यांच्या हाताला चव होती, आणि एक नियम होता. पाहुण्याला शिळं द्यायचं नाही. स्वतः मात्र त्या डब्यात बासी आणायच्या. बासी म्हणजे उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचं आणि सकाळी कांद्याबरोबर खायचं. स्टोअरमध्ये भिंतीकडे तोंड करून खायच्या, कुणाला दिसू नये म्हणून.

"बाई, तो मी मुद्दाम वाळवला होता."

"काऊन?"

का, ते मलाही ठाऊक नव्हतं.

आता थोडं मागे जातो. मी अकरा वर्षं सडक अर्जुनीच्या एका ढाब्यावर स्वयंपाक केला. पुढे गोंदियात स्टेशनजवळच्या या हॉटेलात तीन महिन्यांच्या ट्रायलवर लागलो. घर हलवलं, मुलीचं नाव इथल्या शाळेत टाकलं. ट्रायल संपायला आठ दिवस होते. मॅनेजर शर्माजींनी तोंडावर सांगितलं होतं, जमलं नाही तर नागपूरहून कुक आणणार. म्हणजे मला परत हायवेवर जावं लागलं असतं, आणि मुलीला पुन्हा जुन्या शाळेत.

अशात सारस पक्षी मोजणाऱ्या बावीस जणांचा ग्रुप आला. पहाटे साडेचारला तळ्यांवर आणि धानाच्या बांध्यांवर जायचं, अकराला परत यायचं. त्यांच्या मॅडमनी रविवारसाठी एक ई-मेल पाठवला. शर्माजींनी त्याचा प्रिंट माझ्या हातात दिला.

"पटले, बेक्ड फ्रेंच टोस्ट. ब्रंच के लिए. आता है ना?"

"आता है," मी म्हणालो.

मला फक्त तव्यावरचा बॉम्बे टोस्ट येत होता. ब्रंच म्हणजे नाश्ता की जेवण हेही माहीत नव्हतं. मी विचारलं तर शर्माजी म्हणाले, "दोनों." सुमनबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अकरा वाजता तं आमी रोजच जेवतो. त्याले इंग्रजी नाव कायले पाहिजे?"

कागद मी दहा वेळा वाचला. पाव शिळा घ्या. अंडी, दूध, साखर, दालचिनी फेटून त्यावर ओता. आदल्या दिवशी भिजवून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी ओव्हनमध्ये ३५० डिग्रीवर भाजा. माझ्या ओव्हनचा आकडा अडीचशेवर संपत होता. मी ते बटन दोनदा जोर लावून फिरवून पाहिला. पुढे जाईना.

त्यात शनिवारी संध्याकाळी लोडशेडिंगचं नवं वेळापत्रक आलं. रविवारी सकाळी आठ ते बारा लाइट बंद. हॉटेलच्या जनरेटरवर पंखे चालत, ओव्हन नाही. आठच्या आधी भाजावं तर अकरापर्यंत गारढोण. आता मऊ पाव, नसलेला आकडा आणि नसलेली लाइट, यातलं आधी कशाचं रडायचं तेच मला कळेना.

मी स्लाइसचे ट्रे उचलून मागच्या गल्लीतल्या रशीदभाईंच्या बेकरीत गेलो. त्यांची लाकडाची भट्टी. पाव निघाला की आग ओढून घेतात आणि मग भट्टी हळूहळू थंड होत जाते. या उतरत्या आचेवर ते चहाचे टोस्ट वाळवत.

"सुकाना है? बस इतना?" ते म्हणाले. पंधरा मिनिटांत स्लाइस वाजायला लागल्या. मग मी त्यांना कागद दाखवला. "कल सुबह इसे साढ़े तीन सौ पे पकाना है."

"मेरी भट्टी में नंबर नहीं है. पककर दिखना कैसा चाहिए, वो बता."

"वो मालूम नहीं."

रशीदभाईंनी कागद माझ्या हातात परत दिला. "तो तू बना क्या रहा है?"

"सुबह लेके आता हूँ," म्हणत मी ट्रे उचलले.

परत आल्यावर चार ट्रे भरले. अंड्या-दुधाचं मिश्रण ओतलं. वाळलेल्या पावानं ते सगळं पिऊन टाकलं, ट्रेच्या तळाशी थेंब उरला नाही. मऊ पावाची एक स्लाइस मी मागे ठेवली होती, तीही वाटीत भिजवून पाहिली. तिचा पाच मिनिटांत लगदा झाला. तेव्हा शिळ्या पावाचं अर्धं कोडं सुटलं. पण सुमनबाईंना हे सांगितलं तर त्यांनी ट्रेकडे पाहून नाक मुरडलं. "भिजवाचं होतं तं वाळवलं कायले? अन् हे उद्या देता? मंग हे बी शिळंच झालं ना?"

भरलेले ट्रे हातात पेलवेनात, म्हणून रविवारी सकाळी ते सायकल रिक्षात मांडून मी पुन्हा भट्टीवर. पाव साडेनऊला निघाला. आग ओढल्यावर रशीदभाईंनी भट्टीत कागदाचा तुकडा टाकला. तो लगेच काळा पडला. "अभी नहीं." थोड्या वेळानं टाकलेला तुकडा सावकाश तांबूस झाला. "अब डाल."

पाऊण तासानं ट्रे निघाले तेव्हा वरून सोनेरी, कडेनं फुगलेले, चांगले चार बोटं वर आलेले. मी रशीदभाईंना मिठीच मारली.

हॉटेलात पोचेपर्यंत चारही ट्रे खाली बसले होते. मध्ये खड्डा, वर सुरकुत्या. दुसरं काही करायला वेळ नव्हता, जीप दारात आल्या होत्या. चिखलाच्या बुटांनिशी बावीस उपाशी माणसं आत आली. मी ट्रे टेबलावर ठेवले आणि मुलीच्या जुन्या शाळेत आता पुन्हा घेतील का, याचा विचार करत उभा राहिलो.

मॅडम मूळच्या पुण्याच्या, वीस वर्षं अमेरिकेत राहिलेल्या. त्यांनी एक तुकडा घेतला. आतून तो खरवसासारखा थरथरला. त्यांनी तो खाल्ला. दुसरा तुकडा घेतला.

"पाव शिळाच घेतलात ना?"

शर्माजी शेजारीच उभे होते. दारात सुमनबाई. खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

"नाही मॅडम. ताजा पाव भट्टीत सुकवला. पाहुण्यांना शिळं कसं द्यायचं, म्हणून बाईंनी शिळा गाईला घातला. आणि हे बसलंय कशानं, ते मला माहीत नाही. मी हे पहिल्यांदाच केलंय."

मॅडम हसायला लागल्या. "अहो, ते बसतंच. आमच्या अमेरिकन सासूबाईंचंही बसायचं. आणि हा पदार्थच मुळी उरलेल्या पावाचा. घरात सहा मुलं, आठवड्याचा पाव उरायचा. शनिवारी भिजवून ठेवायच्या, रविवारी उठल्यावर सगळ्यांना. फेकायचं काही नाही."

सुमनबाई दारातूनच बोलल्या, चांगल्या मोठ्यानं. "मंग हे तं त्यायची बासीच होय!"

मी मॅडमना बासी समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "अगदी तीच."

चारही ट्रे रिकामे झाले. पण शर्माजींनी मला ऑफिसात बोलावलं.

"तुम्हें आता था कि नहीं?"

"नहीं."

"तो हाँ क्यों बोला?"

"नौकरी चाहिए थी."

ते फोन उचलून दुसऱ्या कामाला लागले. मी चार दिवस धाकधुकीत काढले. गुरुवारी पक्क्या नोकरीचा कागद मिळाला. वर तोंडी सूचना: पुढच्या वेळी आधी विचारत जा.

त्या दुपारी सुमनबाईंनी डबा उघडला. स्टोअरमध्ये गेल्या नाहीत. ओट्यावर माझ्यासमोर बसल्या आणि डबा पुढे सरकवला. "घ्या. शिळंच हाय." मी बासी खाल्ली, कांद्याबरोबर.

तेव्हापासून कुणी नवा पदार्थ सांगितला की कसा करायचा हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, हा तुमच्या घरी कधी करतात आणि कशाला. ओव्हनच्या आकड्याचं कोडं मात्र फार पुढे सुटलं. तो आकडा अमेरिकेच्या मापाचा, फॅरेनहाइटचा होता. माझ्या सेल्सिअसच्या ओव्हनवर तो पावणेदोनशेच्या आसपास होता, आणि मी उगाच बटन पिळत बसलो होतो.