कॅडीची बोली

संघमित्राशी जुळवून घेणं सोपं नाही, हे तिच्याबरोबर काम केलेला कुणीही सांगेल. मुंबईत घोडपदेवच्या चाळीत वाढलेली, चाळिशी ओलांडलेली, आई कमळाबाईंबरोबर राहणारी. इंग्रजी माहितीपटांचं मराठी करते. पडद्यावरच्या ओठांत चपखल बसेल असं वाक्य लिहिण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, पण त्यातला एक शब्द हलवला की ती अंगावर येते. परळच्या डबिंग स्टुडिओत तिला मागून 'मिरची' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे हार्लन्स फोर्ड नावाच्या जुन्या अमेरिकन गोल्फ क्लबच्या इतिहासाची फिल्म आली. कापसाच्या व्यापाऱ्यांनी नदीकाठी उभारलेला हा क्लब. तिथे राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा चार वेळा झाली. पहिलं जिंकलं एका शिंप्याच्या मुलाने, आणि सभासदांना ते इतकं झोंबलं की कप बाहेर हिरवळीवरच हातात देऊन त्याला वाटेला लावलं. मग महायुद्ध आलं, खेळ थांबला, मैदानात गुरं चरली. तिसऱ्या वेळी दोघे बरोबरीत सुटले, दुसऱ्या दिवशी पुन्हा झुंजले आणि शेवटच्या होलवर निकाल लागला.

संघमित्राला गोल्फमध्ये काडीचा रस नव्हता. तिला धरून ठेवलं ते ओटिसने. नव्वदीतला हा काळा म्हातारा त्या क्लबात कॅडी होता, म्हणजे खेळाडूंची बॅग खांद्यावर वाहणारा. कॅडींना फक्त सोमवारी, क्लब बंद असताना खेळता यायचं. इमारतीत पाऊल टाकायची सोय नव्हती. तिथे कप जिंकलेल्या चौघांपैकी दोघांची बॅग ओटिसने वाहिली, आणि पुढच्या दाराने तो पहिल्यांदा आत गेला तो सत्तरीत, सत्कार घ्यायला. हे सगळं तो कॅमेऱ्याकडे रोखून बघत सांगतो. संघमित्राने त्याची वाक्यं साध्या, स्वच्छ प्रमाण मराठीत लिहिली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ती स्टुडिओत पोचली तेव्हा आतून हसण्याचा आवाज येत होता. काचेपलीकडे माइकसमोर लालबागचा राजाराम उभा होता. वय झालेला, रंगभूमीवर मुरलेला नट.

"मालक, म्या बारकं पोर व्हतो बगा, तवापास्नं हितंच!" तो हेल काढून म्हणाला. रेकॉर्डिस्ट खदखदून हसला.

"थांबवा!" संघमित्रा ओरडली. "हे कुणी लिहिलं?"

"मी बदललं," डबिंग दिग्दर्शक उन्मेष खुर्ची न वळवता म्हणाला. दादरचा, नीटनेटका माणूस. "कॅडी आहे तो. ऐकताक्षणी कळायला नको का, कोण कुठला?"

"मूळ फिल्ममध्ये तो एकदाही मालक म्हणत नाही."

"अगं, फ्लेवर आहे तो."

"मग क्लबच्या अध्यक्षाला दे ना फ्लेवर. त्याला का पुण्याचा प्राध्यापक केलायस?"

उन्मेष आता वळला. "प्रत्येक ठिकाणी तुमचं तेच कसं आणता तुम्ही लोक? गोल्फची फिल्म आहे यार!"

"तुम्ही लोक म्हणजे कोण?"

 रेकॉर्डिस्ट बटणांकडे बघत बसला.

"माझे आजोबा बुधाजी गिरणीत होते," संघमित्रा म्हणाली. तिचा आवाज चिरकला, त्याचा तिला आणखी संताप आला. "जात बघून त्यांना साच्यावर कापड विणायला घेत नसत. विणताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि त्यांचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. त्यांना असं गावंढळ करून कुणी हसलं असतं, तर मी ऐकून घेतलं नसतं."

तेवढ्यात राजाराम दार ढकलून बाहेर आला. "गावंढळ? ओ मॅडम, माझी आय सातारची. मरेस्तोवर अशीच बोलायची. ती हसण्यासारखी होती का?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंत. यांना माझ्या बोलीचं हसू येतं, तुम्हाला तिची लाज वाटते. फरक काय?"

 संघमित्रा पर्स उचलून निघाली.

घरी आली तर कमळाबाई भाजी निवडत होत्या. "भांडून आलीस व्हय?" त्यांनी विचारलं.  कॉलेजात असताना मैत्रिणी घरी आल्या की या अशा बोलीमुळे संघमित्रा आईला फार बोलू द्यायची नाही. ते तिला आता आठवलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने राजारामला स्टुडिओच्या जिन्यात गाठलं. "बोली तुमची ठेवा. पण ते मालक नको, तो हेल नको. तुमच्या आई बोलायच्या तसं बोला."

"मला बोलायला शिकवू नका," तो म्हणाला आणि तिला ओलांडून वर गेला.

पण माइकसमोर तो वेगळाच उभा राहिला. "त्या दारातनं आत जायला मला सत्तर वर्सं लागली," तो म्हणाला. सपाट, सावकाश. त्यात हसण्याजोगं काही नव्हतं. उन्मेष चिडला, कालच्यासारखं कर म्हणाला. राजारामने साफ नकार दिला. "कालचं नाटक होतं. ते पुसून टाका, नाहीतर दुसरा माणूस बघा." दुसरा माणूस बघायला वेळ नव्हता. वाहिनीला फिल्म त्याच संध्याकाळी हवी होती.

फिल्म राजारामच्या आवाजात लागली. शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीत मराठी संहितेपुढे फक्त उन्मेषचं नाव होतं. संघमित्राने फोन करून जाब विचारला.

"वाक्यं बदलली मी, भांडणं निस्तरली मी," उन्मेष म्हणाला. "आणि यापुढे तुला इथून फोन येणार नाही. तुझ्याबरोबर काम करायची कुणाची इच्छा नाही."

"माझी तरी कुठे होती," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे काही महिने हाल झाले. आता ती काळाचौकीतल्या एका वकिलाकडे कागदपत्रांचे अनुवाद करते, आणि तिथेही दोन शब्दांवरून तिचं वाजलं आहे. राजाराम तिला हिंदमाताच्या चौकात एकदा दिसला. तिने मान हलवली. त्याने पाहिलं, आणि ओळख न दाखवता रस्ता ओलांडला.