बाबांच्या बीनची पेटी

बाबांच्या बीनसाठी पेटी मी निवडली. त्यांनी दुसरी मागितली होती आणि मी ऐकलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

बाबा फौजेत पलटणीच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे. तिला ते फौजेतल्या सवयीने बीन म्हणायचे, म्हणून आमच्या घरातही ती बीनच. चामड्याची पिशवी, फुंकायची एक नळी, बोटांनी सूर काढायची दुसरी आणि खांद्यावर टेकवायच्या तीन लांब नळ्या. निवृत्त होऊन दिघीजवळच्या आमच्या कोळीवाड्यात परतले, तेव्हा स्वतः विकत घेतलेली ही बीन त्यांच्याबरोबर आली. पुढे खाडीपलीकडच्या एका शाळेने मुलींचा बँड सुरू केला आणि बाबा आठवड्यातून तीन दिवस शिकवायला जाऊ लागले. जंगलजेटीने, म्हणजे गाड्या आणि माणसं एकत्र नेणाऱ्या बोटीने, आगरदांड्याला उतरायचं आणि पुढे रिक्षा.

बीनची मूळची लाकडी पेटी वाळवीने खाल्ली होती. तळ बोटाने दाबला तरी भुगा पडायचा. ती टाकून दिल्यावर बाबा बीन जुन्या चादरीत गुंडाळून खताच्या रिकाम्या गोणीत नेऊ लागले. फौजेत बूट आरशासारखे चमकवणारा हा माणूस स्वतःच्या वाद्याच्या बाबतीत इतका निष्काळजी कसा, हे मला कळायचं नाही.

एकदा जेटीवर त्यांनी गोणी एका टेम्पोशेजारी ठेवली. टेम्पोत कोळंबीचे क्रेट होते. बर्फ वितळून तांबूस पाणी खाली गळत होतं आणि ते सगळं गोणीत शिरलं. बाबा घरी आले तेव्हा ते उंबरठ्याच्या आत यायच्या आधी वास आत आला. मी चादर उलगडली तर तिला चिकट तारा सुटत होत्या आणि पिशवीच्या शिवणीत कोळंबीची एक मिशी अडकली होती. मी नाक दाबून अंगणात पळाले.

कोळ्याच्या घरात जन्मून मला मासळीचा वास सोसत नाही, यावर आई आयुष्यभर हसत आली आहे. ती बोंबील आणि जवळा सुकवून विकते. मी श्रीवर्धनला एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दिवसातून दहादा हात धुते. त्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "हे तुम्ही तोंडाला लावता. उद्यापासून ही गोणी बंद. पेटी मी आणणार."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं एसटीने मुंबईला वाद्यांच्या एका दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी दोन वस्तू काउंटरवर ठेवल्या. एक जाड कापडी पिशवी, पाठीला लावायची, आत मऊ अस्तर आणि बाजूला जाळीच्या पट्ट्या. दुसरी काळी, कडक प्लॅस्टिकची पेटी. आत स्पंजात नळ्यांच्या आकाराचे खाचे, झाकणाला रबराची कड, चार घट्ट खटके.

बाबांनी कापडी पिशवी उचलून पाठीला लावून पाहिली. चेन उघडली, हात आत घालून जाळी चाचपली.

"ही बरी," ते म्हणाले. "हिच्यात हवा खेळते."

"हवा खेळते म्हणजे पाणीपण खेळणार," मी म्हटलं.

"पावसाचं कव्हर आहे ना तिला."

दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, पेटीत पाण्याचा थेंब जाणार नाही. समुद्रात टाकलीत तर तरंगेल. फक्त वाद्य कोरडं करून ठेवायचं."

शेवटचं वाक्य मी ऐकलं. पण माझ्या नाकात अजून कोळंबीचं पाणी होतं. "पेटीच द्या," मी म्हटलं. बाबांनी कापडी पिशवी नीट घडी घालून काउंटरवर ठेवली. मला वाटलं, पटलं त्यांना.

पेटी खरंच दणकट होती. जेटीवर लाटेचं पाणी उडालं, रिक्षातून एकदा रस्त्यावर पडली, एका बाईने तिच्यावर बसून प्रवास केला. आत काही झालं नाही. मी शेजारपाजारी सांगत होते, बाबांना कशी पेटी घेऊन दिली.

त्या पावसाळ्यात त्यांना खोकला लागला. आधी कोरडा, ढास लागल्यासारखा. मग संध्याकाळी अंगात कणकण. शाळेच्या दिवशी जास्त, सुट्टीत कमी. मी दुकानातली एकेक बाटली आणून देत गेले. श्रावण संपेपर्यंत त्यांना जेटीच्या धक्क्यावरून वर चढताना दोनदा थांबावं लागू लागलं. मुलींना वाजवून दाखवताना सूर मध्येच तुटायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी क्षयाची तपासणी केली, पण क्षय निघाला नाही. मग पनवेलला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी छातीचे फोटो पाहिले आणि विचारत सुटल्या. घरी कबुतरं आहेत का? कोंबड्या? कुजलेला पेंढा? भिंतीला ओल? बाबा प्रत्येकाला नाही म्हणत गेले.

"मग दिवसभर करता काय?"

"शाळेत बॅगपाइप शिकवतो."

बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "ती ठेवता कशात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मीच अभिमानाने सांगितलं, पेटी कशी आहे, रबर कसं आहे, थेंब कसा आत जात नाही.

"आत जात नाही, तसा बाहेरही जात नसेल," बाई म्हणाल्या. "घरी जाऊन पेटी उघड्यावर उघडा. यांनी नाही, तुम्ही. तोंडाला मास्क लावून. पिशवी आतून बघा आणि मला कळवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी अंगणात नेली. बाबांना घरात बसवलं. मास्क, हातमोजे, सगळं दुकानातून आणलेलं. चारही खटके उघडले आणि झाकण उचललं.

पहिला आला तो पावडरचा वास. अंगाला लावायची चंदनाची पावडर. तिच्या खाली दुसरा वास होता, गोड, आंबट, पावसात विसरलेल्या ओल्या मोज्यांसारखा. स्पंज मुळात काळा होता. आता त्याच्यावर राखाडी लव आली होती, मांजराच्या पोटावर असते तशी. खाचांच्या कडांना हिरवे ठिपके. सगळ्यावर पावडरीचा थर, ओला होऊन कणकेसारखा साचलेला. मी नळ्या सोडवल्या. नळ्यांत बसवलेल्या, सूर काढणाऱ्या बारक्या पात्यांवर केस उगवल्यासारखी बुरशी. मग पिशवीच्या तोंडाशी बोटं घालून चामडं उलटं केलं.

आतून ती काळी आणि बुळबुळीत होती. कित्येक महिन्यांची थुंकी, श्वासाची वाफ आणि चामड्याला लावायचं तेल मिळून एक साय धरली होती. माझ्या बोटांबरोबर तिचा पापुद्रा सुटून आला. बुडाशी चमचाभर तपकिरी पाणी होतं, ते माझ्या मनगटावरून हातमोज्याच्या आत गेलं. मी मास्क ओढून काढला आणि कुंपणाशी जाऊन ओकले. बाबा हे तोंडाला लावून आठवड्यातून तीनदा छातीत ओढत होते.

आई पलीकडे बोंबील काठीवर टाकत होती. ती आली, वाकून पेटीत बघितलं आणि तिने चक्क नाकाला पदर लावला. मी आईला वासाने नाक झाकताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"वली ठेवली व्हती तं दुसरं काय व्हनार," ती म्हणाली. "आमी बोंबील असा कदी डब्यान भरून ठेवत न्हाय. पयला वारा दाखवतो." मग घराकडे तोंड करून ओरडली, "तुमाला वास येत नव्हता?"

बाबा दारात आले होते. सांगितलं तरी आत बसले नव्हते.

"येत होता," ते म्हणाले.

"मग ही पावडर तुम्ही टाकलीत?" मी विचारलं.

"साडेपाचची जेटी धरायला लागते. बीन वाळवायला वेळच मिळत नाही. घरी आलो की उघडायचो कधीमधी, पण तू असायचीस. तुला त्या वासाचा त्रास होतो. आणि पेटी तू इतक्या हौशीने घेतलेली." ते थांबले, खोकले. "पलटणीत वाजवून झालं की बीन खुंटीला टांगायचो. ते ठाऊक होतं मला."

मला त्यांचा संताप आला. ठाऊक असून हा माणूस माझ्या हौसेपायी सडका वारा गिळत राहिला होता, आणि वर पावडर शिंपडत होता. मी तोंडाला आलं ते बोलले. ते ऐकून घेत उभे राहिले. नंतर न्हाणीघरात तिसऱ्यांदा हात धुताना मला कळलं की मला खरी किळस माझीच आली होती. वासाला भिऊन मी ती पेटी घेतली होती, आणि माझ्या भीतीपुढे घरात कोणाला झाकण उघडायची सोय राहिली नव्हती.

बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, बुरशीमुळे फुप्फुसाला सूज आली आहे, वेळेवर आलात. गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने फुंकायचं नाही, आणि ती पिशवी पुन्हा वापरायची नाही. पेटी आणि चामडं मी परसात खड्डा खणून पुरलं. जाळलं नाही, कारण तो धूर कोणाच्या छातीत जावा असं मला वाटेना. नळ्या औषधी पाण्याने धुतल्या, आठवडाभर वाळवल्या. तरी पुढे कितीतरी दिवस भात कालवताना मला बोटांवर तो पापुद्रा जाणवायचा आणि मी ताटावरून उठायचे.

बाबांना दम कमी लागायला लागल्यावर आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदारांनी बीनला लावायची नवी पिशवी दाखवली, कृत्रिम कापडाची, चेन उघडून आतून पुसता येईल अशी. मग विचारलं, "आणि ठेवायला?"

मी बाबांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

त्यांनी कापडी पिशव्या मागवल्या, तीन उघडून पाहिल्या. एकीची जाळी बारीक म्हणून नाकारली, एकीचा पट्टा खांद्याला रुततो म्हणून. तिसरीत त्यांनी स्वतःचं नाक घातलं आणि बराच वेळ हुंगत राहिले. दुकानदार गोंधळून माझ्याकडे बघू लागले. बाबांनी तीच घेतली.

आता शाळेच्या मुख्याध्यापिकांनी बँडची वेळ अर्धा तास अलीकडे घेतली आहे. त्या अर्ध्या तासात बीन सुटी करून वर्गाच्या खिडकीत वाळत ठेवतात. बाबांची छाती पूर्वीसारखी झाली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, होणारही नाही. ते सात-आठ मिनिटं वाजवतात आणि खुर्चीवर बसतात. बाकीचं मुलीच करतात. परवा मी त्यांना न्यायला गेले तेव्हा नववीतली एक मुलगी त्यांच्याच बीनवर सराव करायला उभी राहिली. ती फुंकायची नळी तोंडाजवळ नेत असताना मी तिला थांबवलं. पर्समधून औषधी रुमाल काढून नळी पुसली, मग तिच्याकडूनही पुसून घेतली. बाबांना ते थोडं लागलं असावं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मुलीने नळी तोंडात धरली आणि पिशवी भरायला लागली. मला पुन्हा तो पापुद्रा आठवला, पण मी तिथेच उभी राहिले.