डागवालीच्या दोन चिपा

तिला सगळे डागवालीच म्हणायचे. तीस वर्षं कारखान्यात रेडिओच्या पाट्यांवर कथलाचे डाग दिले बाईनं, एक कधी निसटला नाही. कामावरून सुटून घरी बसली आणि डोक्यात काय शिरलं, तर म्हणे कॉम्प्युटर बनवायचा! विकतचा नाही हो, पार पहिल्या तारेपासून आपल्या हातानं. आठ दिव्यांचा, जुन्या काळचा, मठ्ठ. शून्यापासून मोजत जायचं नि दिवे लावून दाखवायचं, एवढीच त्याची अक्कल.

पण मेला मोजेना. एक, दोन, तीन आणि एकदम सात! कधी नुसताच गप्प. तिनं तीनदा सगळ्या तारा उपसल्या, तीनदा जोडल्या. सून म्हणाली, "आई, वय झालं की हात थरथरतातच थोडे." बोलली मायेनंच, पण काळजात रुतलं. जन्मभर ज्या हातांचं खाल्लं तेच फितूर झाले, तर मग आपलं उरलं काय? जेवतानासुद्धा ती बोटांकडे बघत बसायची.

एक दिवस सुनेचं नेलपॉलिश काढायचं पाणी घेतलं आणि पाटीवरचा चिकटा पुसायला लागली. मोजणाऱ्या दोन चिपांवरून कापूस फिरवला, तर वरचं नावच कापसाला लागून आलं! खाली ओरखडे, आणि त्याखाली अर्धंमुर्धं दुसरंच नाव. उकिरड्यावरच्या यंत्रातून उपटलेल्या, खरवडून रंग फासलेल्या चिपा! अंगावर पाल पडावी तशी ती शहारली. आणि विकल्या कुणी? पाठच्या भावानं. बाकी एकेक वस्तू तिनं तपासून घेतली होती, भावाच्या तेवढ्या तशाच पिशवीत टाकल्या. आपल्या माणसाला कुठं कुणी पारखतं?

कापूस नि बाटली घेऊन तशीच भावाच्या दुकानात गेली.

"ये ये ताई! झाला का तुझा खेळ?"

"झाला. बघ." तिनं चिपा काउंटरवर ठेवून त्याच्यासमोर पुसल्या.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, सगळा बाजार असाच चालतो. आणि तुला खेळायलाच तर हव्या होत्या. खेळायला कशाला अस्सल?"

"सहा महिने मी माझ्या हातांना शिव्या घालत बसले रे, मेल्या!"

शेजारी एक लिफ्ट दुरुस्त करणारा, नुकत्याच घेतलेल्या चिपांची पुडी घेऊन उभा होता. "मावशी, माझ्याही पुसा जरा."

"अहो, तुमच्या वेगळ्या आहेत," भाऊ घाईनं म्हणाला.

कापूस काळाकुट्ट.

"या मी लिफ्टला बसवणार होतो. माणसं चढतात तिच्यात!"

"मग? आजवर पडली का एखादी?" म्हणाला भाऊ, आणि हसला. ते हसू बघून डागवालीनं बाटलीचं बूच घट्ट लावलं. आपल्याच आईच्या पोटचा ना हा?

लिफ्टवाल्यानं दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी दुसरीकडून दोन चिपा आणल्या, पुसून बघूनच. तिनं त्या बसवल्या. एक, दोन, तीन, चार... थेट दोनशे पंचावन्न, आठ दिव्यांत मावेल तेवढं, आणि परत शून्य. एक दिवा चुकला नाही.

"आई, हात ठणठणीत आहेत की तुमचे!"

"हातांना काय धाड भरलीय?"

तेवढ्यात फोन वाजला. "मामांचा आहे," सून म्हणाली.

"वाजू दे."

ती मोरीत जाऊन हातांना साबण चोळत बसली. हात शाबूत निघाले खरे, पण याच हातांनी त्याला डाग द्यायला-काढायला शिकवून या धंद्यात आणलं होतं, त्याचं काय करायचं?