दारूच्या धंद्यात असूनही

दिलीपदादा गेल्याचं मला गोदामात कळलं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या कंपनीच्या गोदामात वाइनसाठी एक थंड खोली आहे. तिथे मी इटलीहून आलेली खोकी तपासत होते, तेवढ्यात सुनंदावहिनींचा फोन आला. "सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले आणि... खलास गं," एवढंच त्या म्हणाल्या. हृदयविकाराचा झटका. ज्या वाइनची दादा महिनाभर वाट पाहत होते, तिचीच खोकी माझ्यासमोर होती.

त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालं. आता राग उरलाय, आणि तो एका शब्दावर आहे. इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. एक ज्येष्ठ गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "दारूच्या धंद्यात असूनही दिलीपराव सज्जन होते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी कुजबुजलं, "लिव्हरच गेलं असणार, दुसरं काय!" पहिल्या रांगेतल्या निम्म्या लोकांच्या कपाटात दादांनी निवडून दिलेली बाटली असेल. "दिलीपराव, बॉस जेवायला येतायत, काहीतरी भारी सुचवा की," असे फोन मी स्वतः ऐकलेत. तेव्हा त्यातल्या एकालाही 'असूनही' आठवलं नव्हतं.

दादा तासगावचे. घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. मीही त्याच तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. आमच्या घरात पहिली पदवी माझी. दुबईला आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचं काम मिळालं म्हणून हरखून आले आणि पहिल्याच दिवशी कळलं, कंपनी वाइन आणते. मी घाबरले. दादा त्या विभागाचे प्रमुख होते. टाय कडक, बूट चकचकीत, जीभ त्याहून धारदार. मी पाहुण्यांसमोर जाते तशी सेंट मारून गेले होते. त्यांनी हवेत नाक फिरवलं आणि म्हणाले, "पदवीधर बाई, हा वास घेऊन माझ्या खोलीत यायचं नाही. इथं नाकावर पोट चालतं." मग गाव विचारलं आणि एकदम आमच्या बोलीवर आले. "आईला काय सांगितलंस?"

"अजून काहीच नाही."

"खरं सांग. ओरडली तर फोन माझ्याकडं दे."

आई ओरडलीच. मी फोन दिला. तिनं कित्येक हंगाम बेदाणा निवडण्याच्या कामावर काढले आहेत. दादांनी तिला ना पगार सांगितला ना कंपनी. त्यांनी सांगितलं इटलीच्या उत्तरेकडच्या एका कुटुंबाबद्दल. ही माणसं शरदात तांबडी द्राक्षं तोडतात आणि घराच्या माळ्यावर बांबूच्या मांडण्यांवर पसरून ठेवतात. उन्हात नाही, सावलीत. तीन-चार महिने. द्राक्षं सुरकुतली, गोडी घट्ट झाली की मग ती चिरडून वाइनला लावतात.

"आपल्या बेदाण्यासारखी आधी द्रावणात बुडवत नाहीत?" आईनं विचारलं.

"नाही मावशी."

"मग बुरशी?"

"खिडक्या उघड्या ठेवतात. वारा खेळता लागतो. आणि सडका मणी रोज हातानं काढायचा."

आई म्हणाली, "म्हणजे आपलंच काम की हो. फक्त शेवट निराळा." आणि फोन ठेवताना मला, "नीट कर गं काम. सडका मणी दिसला की काढ." माझ्या आईला 'असूनही' सुचलं नाही.

त्या कुटुंबाकडे दादा दरवर्षी जायचे. घरची आजी, मार्ता, पहिल्या भेटीत त्यांना माळ्यावर न्यायला तयार नव्हती. विकत घ्यायला आलेल्यांनी खाली बसावं, चाखावं, जावं. दादांनी खिशातून तासगावचे बेदाणे काढून तिच्या हातावर ठेवले. तिनं एक चावला, दुसरा उजेडात धरला आणि त्यांना मागे यायची खूण करून जिना चढायला लागली. हा किस्सा दादा जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा सांगायचे की त्यांची लेक केतकी कान झाकायची. "बाबा, नॉट द रेझिन स्टोरी अगेन!"

"ऐकायची नसेल तर पोळ्या लाट जा."

"आय डोन्ट नो हाऊ."

"मग ऐक!"

अल बर्शातल्या त्या घरी शुक्रवारी मला ठरलेलं जेवण असायचं. माझ्यासारखी एकटी मुलगी या शहरात उभी राहिली ती त्या घराच्या जोरावर, हे मी कुठल्याही सभेत सांगेन. अर्थात, मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

दादा हॉटेलांतल्या वेटरांना शिकवायचे तेही असंच. केरळ, नेपाळ, फिलिपिन्सची पोरं. अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी. आधी प्रत्येकाच्या हातावर बेदाणा. "पहले चबाओ, फिर बोलो." मग ग्लासात थोडी वाइन. ज्यांना चाखायची नसेल त्यांनी नुसता वास घ्यायचा. कुणाच्या धर्माची, व्रताची थट्टा केलेली त्यांना खपत नसे. एकदा एका मॅनेजरनं तशा मुलाला चिडवलं, तर दादांनी शिकवणं तिथेच थांबवलं. "पहिल्यांदा त्याची माफी मागा, मग पुढे." मॅनेजरनं मागितली. ज्यांना सज्जनपणाचा दाखला द्यायचा होता, त्यांनी हे सांगायचं होतं.

दादांचे धाकटे भाऊ गावाकडे असतात. मी हा लेख लिहिणार असं कळल्यावर त्यांचा फोन आला. "ताई, लिहा, पण ते दारूचं नको. खाद्यपदार्थांच्या व्यवसायात होते असं लिहा. आणि 'निर्व्यसनी' हा शब्द तेवढा टाका. उद्या केतकीचं लग्न जमवायचंय." याच भावाच्या बागेतली द्राक्षं वाइनच्या कारखान्यात जातात. ती चालतात! माल दिला की शेतकरी, आणि तोच माल ओळखून, मान देऊन लोकांसमोर ठेवला की दारूवाला. मी त्यांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुम्ही लई शिकलेल्या, तुम्हाला समाज कळायचा नाही."

तरीही मनात आलं, लिहावं 'निर्व्यसनी'. त्या कुजबुजणाऱ्याचं तोंड तरी बंद होईल. दादा दिवसभर चाखायचे ते थुंकून टाकायचे, आमच्या कामाची रीतच ती. परवा वहिनींना विचारायला गेले, तर त्या माझ्यावरच चिडल्या. "खोटं लिहू नकोस. शुक्रवारी एक ग्लास घ्यायचे. आवडीनं घ्यायचे. मीही दोन घोट घ्यायची. हे झाकून तू त्यांना वाचवणार? म्हणजे तुलाही ते वाईटच वाटतंय की!"

दादांची बाजू घेता घेता मीही त्याच रांगेत जाऊन बसले होते.

वहिनींच्या हॉलच्या भिंतीवर दादांचा नवा लावलेला फोटो होता. शोकसभेत होता तोच. तिथे तो खांद्यापासून कापून लावला होता, त्यामुळे दादा मान तिरकी करून रिकाम्या हवेत कुठेतरी बघतायत असं दिसायचं. वहिनींनी तो अख्खा मोठा करून आणलाय. हात वर उचललेला, बोटांत ग्लासची दांडी, ग्लासात मार्ताआजीच्या माळ्यावरची ती गडद तांबडी वाइन, आणि तिच्यातून येणारा उजेड डोळे बारीक करून बघणारे दादा. कामात असलेला माणूस.

मी तिथे असतानाच दादांच्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागे गावाकडची बरीच माणसं बसलेली दिसत होती. फोटो दिसताच ते दचकले. "वहिनी, अहो, तो फोटो काढा. पाहुणे येतील पोरीला बघायला."

केतकी आतून बाहेर आली. फोन तिच्या आईच्या हातातून घेऊन तिनं तो फोटोसमोर धरला, सगळ्यांना नीट दिसेल असा. आणि जी मुलगी कधी मराठीत उत्तर देत नाही, ती म्हणाली, "काका, येऊ देत. मी त्यांना याच्याखालीच बसवणार आहे."