पाठकोरा हिमालय

वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात माझ्या आत्याची उभी हयात एका प्रश्नाने पोखरली. हिमालयातली झाडंझुडपं गोळा करणाऱ्या त्या जुन्या संशोधकाने काढलेले फोटो गेले कुठे? साहेब येता-जाता विचारायचे. तिने माळे उपसले, कपाटांमागे हात घातले, उंदरांना शिव्या घातल्या.

परवा त्याच संशोधकाने पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक फूल तिच्या हातून पालथं पडलं. मागे बर्फाचा डोंगर! तिने बाकीचे पुठ्ठे उलटले. सगळ्यांमागे फोटो.

"मेल्याने स्वतःचेच फोटो पाठकोरे म्हणून वापरले!" आत्या कडाडली. "काखेत कळसा नि गावाला वळसा!"

साहेब खूश. "सगळे फ्रेम करून भिंतीवर लावा."

"लावते की! फक्त भिंतीकडे तोंड कुणाचं करू तेवढं सांगा. फुलाचं की डोंगराचं?"