शेजारी मांडायचा तुकडा

नंदकुमार घाडीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. वर्सोव्याच्या नव्या इमारतींत तो संगमरवराच्या लाद्या बसवायचा. लाद्या आधी सुक्या मांडायच्या, मागेपुढे सरकवून शिरेला शीर जुळवायची आणि मगच सिमेंट टाकायचं, हा त्याचा नेम. कंत्राटदार घाई करायचा, पण तो बधायचा नाही.

त्याची मुलगी प्रांजल चालता चालता पडू लागली. अंधेरीच्या डॉक्टरीणबाईंनी जनुकाची तपासणी करवली. त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरने हिच्या जनुकाची अक्षरं हजारो लोकांच्या अक्षरांशेजारी मांडली. एक अक्षर वेगळं निघालं. पण ते लोक बहुतेक परदेशातले. हे अक्षर रोगाचं की तुमच्याकडे सगळ्यांचंच, ते कळत नाही."

"मग आमच्यातलाच कोणी शेजारी मांडा ना."

"घरात आणखी कोणी असं पडतं का?"

गावाकडे भावाच्या मुली ठीक होत्या, पण मुलगा पडत होता. त्याच्यातही तेच अक्षर सापडलं, तर रोगाचं नाव लागायची, उपचार ठरायची आशा होती. तपासणीचा खर्च नंदकुमारने मजुरीतून बाजूला काढला आणि भावाला फोन केला.

"माझो झील पडता, ह्या गावात कळला तर माझ्या चेडवांची लग्ना कोण लावतलो? तू?" भाऊ म्हणाला. "आणि परत फोन करू नको."

नंदकुमारने तरी दोनदा केला. भावाने उचलला नाही.

दीड वर्षाने प्रांजलचे पाय पुरते थांबले. पुतण्याच्या तपासणीसाठी ठेवलेल्या पैशांतून तिच्यासाठी चाकांची खुर्ची आली.