धाकट्या पातीचं गाव

बाबा आखातात, अल ऐनला आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले आणि दुसऱ्याच आठवड्यात कंटाळले. उभं आयुष्य मोजणी खात्यात गेलं, साखळी घेऊन लोकांच्या बांधांवरून हिंडण्यात. इथे गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही म्हटल्यावर ते करणार काय? नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका इंग्रजी शाळेत लायब्ररियन होते. दुपारी घरी आले की बाबा मुलीचं भूगोलाचं पुस्तक उलटंसुलटं करत बसलेले दिसायचे.

एका शुक्रवारी आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना मी जेवायला बोलावलं. बाई कॅनडाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. आमटी-भात हातानेच खाणार असा त्यांचा हट्ट, त्यामुळे बाबांची आणि त्यांची गट्टी पहिल्या घासालाच जमली. जेवणं झाल्यावर बाबांनी आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तुमचं मूळ गाव कुठलं?"

आपल्याकडे हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. बाईंचा चेहरा मात्र एकदम बदलला. त्यांनी पर्समधून एक झेरॉक्स काढली. त्यांचे पणजोबा जर्मन बोलणारे, बोटीने कॅनडात उतरले तेव्हा जवळ एक बायबल होतं. त्याच्या पहिल्या पानावर जन्मगाव लिहिलं होतं, जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरात.

"गावाचं नाव नॉइनडॉर्फ," बाई म्हणाल्या. "म्हणजे नवं गाव. पुढे 'रूस' लिहिलंय, म्हणजे रशिया. तिकडेही जर्मन लोकांच्या वसाहती होत्या ना! माझे वडील सांगायचे, आपण रशियातले जर्मन. मी किती वर्षं पत्रं पाठवतेय रशियात. कुठेच पत्ता नाही."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. "आणि त्यापुढची ही दोन अक्षरं? जे. एल.?"

"आम्हाला वाटतं, पाद्र्याच्या सहीची असावीत."

"सही गावाच्या ओळीत कशाला करेल कोणी?" बाबा मराठीत मला म्हणाले. मग पुन्हा कागदात डोकं घातलं. मी चहा आणला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "अगं, माझ्या शाळेच्या दाखल्यावर काय आहे? गाव बुधगाव, मिरज संस्थान, धाकटी पाती!"

बाईंना मी समजावून सांगितलं. आमच्या भागात मिरजेच्या संस्थानाची भावाभावांत वाटणी झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्हींचं नाव मिरजच, पण राजे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, दप्तरं वेगळी. नुसतं 'मिरज' लिहिलं तर कागद भलत्याच कचेरीत शोधत बसायची पाळी, म्हणून पातीसुद्धा लिहायची.

"मॅडम," बाबा म्हणाले, "जर्मनीत राजेरजवाडे होते का?"

"होते की. ढिगाने."

"मग हे गाव रशियातलं नाही. हे कुठल्यातरी संस्थानाच्या धाकट्या पातीचं आहे. जे म्हणजे ज्युनियर."

बाई हसल्या, पण हसता हसता त्यांनी कागद बाबांच्या हातातून परत घेतला आणि नव्याने वाचायला लागल्या.

मला रात्र काढणं कठीण गेलं. लायब्ररीत मागच्या कपाटात एक जाडजूड जर्मन ऐतिहासिक नकाशासंग्रह पडून होता. देश सोडून परतणाऱ्या कोणा इंजिनियरने दिलेल्या खोक्यातून तो आला होता, आणि जर्मन येत नाही म्हणून मी त्याला नंबरही घातला नव्हता. शनिवारी सकाळी शाळेत पोचल्या पोचल्या तो काढला. पहिल्या महायुद्धाआधीचा जर्मनी उघडला आणि मला हसूच आलं. मधल्या भागात रंगांची नुसती गोधडी! एकाच्या मुलखात दुसऱ्याचं गाव, त्या गावाला तिसऱ्याचा वेढा. थेट आमच्या सांगली, मिरज, जमखंडीचा नकाशा.

शेवटच्या सूचीत बोट फिरवत 'आर'वर आले. रॉइस. एकदा नाही, दोनदा. एकापुढे ए. एल., दुसऱ्यापुढे जे. एल.! जुन्या वळणाच्या अक्षरात बाईंच्या घरच्यांनी 'रूस' वाचलं होतं, ते हे 'रॉइस'. जर्मन शब्दकोश काढला आणि नकाशासंग्रहात सुरुवातीला दिलेली अक्षरांची फोड एकेक शब्द लावून पाहिली. थोरली शाखा. धाकटी शाखा.

मी शिपायाबरोबर बाईंना चिठ्ठी पाठवली, 'सापडलं.' मोकळा तास व्हायचीसुद्धा वाट त्यांनी पाहिली नाही. वर्गाला गणितं घालून धावत आल्या, खडूने माखलेला हात नकाशावर ठेवून उभ्या राहिल्या. "रशिया नाही," एवढंच त्या दोन-तीनदा म्हणाल्या. मग मला कडकडून मिठी मारली. अभ्यासाला बसलेल्या मुली टकामका बघत होत्या.

घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "त्या धाकट्या पातीत या नावाची गावं किती आहेत ते बघ. आपल्याकडे नवेगावं काय कमी आहेत?" खरंच, दोन निघाली. बाबांच्या सांगण्यावरून बाईंनी दोन्हीकडच्या चर्चना पत्रं लिहिली. हे संस्थान केव्हाच थुरिंगिया नावाच्या प्रांतात विरून गेलं होतं, म्हणून पाकिटावर आजच्या प्रांताचं नाव, आणि आत मजकुरात मात्र जुन्या संस्थानाचं. "पत्ता आजचा, दप्तर तेव्हाचं," बाबांनी बजावलं होतं.

बाबांचा परतीचा दिवस आला तरी उत्तर नव्हतं. विमानतळावर सोडायला बाई आल्या होत्या. "अंकल, उत्तर आलं की पहिला फोन तुम्हाला."

पुढच्या महिन्यात त्या लायब्ररीच्या दारातूनच पाकीट हलवत आल्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल होती. पणजोबांचं नाव, तारीख, बापाचा विणकराचा धंदा आणि आईचं माहेर. त्याच संध्याकाळी माझ्या घरून त्यांनी बुधगावला फोन लावला.

"अंकल, सापडले! आणि पणजोबांची आई पलीकडच्या गावची आहे, चालत दोन-तीन तासांवर!"

"त्याच संस्थानातलं?" बाबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"नाही. ते गाव बव्हेरियात."

"मग लग्न मुलीच्या माहेरी झालं असेल, नोंदही तिथल्याच चर्चमध्ये. सरहद्द ओलांडलीत, मॅडम, आता दप्तर बदललं. तिकडे लिहा. लगेच लिहा!"

बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे कागद मागितला.